आठ वाजताचा फोन

वेळ्ळी गावात बोटीवरचा माणूस दिसला की लोक दोनच प्रश्न विचारतात. कधी आलास? आणि कधी जातोस?

आग्नेलला या प्रश्नांची सवय होती. प्रवासी बोटीवर केबिनी आवरता आवरता त्याची उमेदीची वर्षं सरली. मुलगी मेल्विता फोनच्या पडद्यातच मोठी झाली. शेवटी घरी बसून करता येईल असं काम हवं म्हणून त्याने बोटीवरच, बंकवर पडल्या पडल्या संगणकाचे धडे गिरवले. आणि मिळालं की काम. कंपनी बेंगळुरूची. ॲप लोकांच्या हातात पडण्याआधी वापरून बघायचं आणि चुका कळवायच्या.

सेवेरिनाने, त्याच्या बायकोने, नारळाची खोली रिकामी करून दिली. रिकामी म्हणजे अर्धी. मीटिंगमध्ये आग्नेलच्या पाठीमागे नारळांचा ढीग दिसे.

वर्ष झालं. रजेवर आलेल्याचे लाड दोन महिने होतात, पुढे कोण करणार? घराची घडी त्याच्यावाचून बसलेली. पंप बिघडला, त्याने विचारलं, तर सेवेरिना म्हणाली, वाड्यावरच्या दिओग मेकॅनिकला सांगितलंय. ती रागावलेली नव्हती. बोलायची मात्र नाही. आग्नेलच्या ते लक्षात येई, ॲपमधली चूक लक्षात यावी तसं. वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटत नव्हतं.

बाजारात शेजारच्या जुझेने हटकलं, "अजून इथंच? बोटीनं टाकला, का बायकोनं बांधून घातला?" आग्नेल हसला. तिथे हसायचं असतं.

मग मडगावच्या एजंटचा फोन आला. बोटीवरची जुनी जागा रिकामी आहे, शनिवारी रात्रीपर्यंत सांग. आग्नेलने जेवताना विषय काढला. सेवेरिना बांगड्याचे काटे काढत होती.

"तुझी मर्जी," ती म्हणाली. "बॅग माळ्यावर आहे. हवी तर उन्हात घालते."

शनिवारी तो फोन घेऊन कोपऱ्यावरच्या कुरसाच्या, दगडी क्रॉसच्या, पायरीवर जाऊन बसला. एजंटला होच सांगायचं होतं. आठ वाजले होते. बोटीवरून तो रोज याच वेळी घरी फोन लावायचा. बोट आपसूक सेवेरिनाच्या नावावर गेलं.

तिने लगेच उचलला. "बोल," म्हणाली, आणि स्वतःच बोलत सुटली. मेल्विताला सायन्स नको आहे, दोन दिवस रडतेय, तुला सांगायला घाबरते. नारळाच्या खोलीत ढिगामागे कौल गळतं, तू जेवायला आलास की मी तिथली बादली ओतून येते. आणि त्या दिओगने पंपाची पार वाट लावली, आता कोणत्या तोंडानं तुला सांगू?

कुरसापासून स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. मान वाकडी करून, खांद्यात फोन धरून ती कांदा चिरत होती. समोरासमोर ती इतकं कधी बोललीच नव्हती. तिला सवय फोनवरच्या नवऱ्याची.

सगळं सांगून झाल्यावर ती नेहमीसारखं म्हणाली, "कधी येतोस?"

खिडकीतली सुरी थांबली.

"कुरसापाशी आहे," आग्नेल म्हणाला. "येतोच. एजंटला नाही म्हणून कळवतो."

"बरं," ती म्हणाली. "उद्या पंप बघ."

जेवताना कुणी काही बोललं नाही. आग्नेल मनात काही हलतंय का ते चाचपत राहिला. विशेष काही हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता नारळाच्या खोलीत फोन वाजला. स्वयंपाकघरातून, सेवेरिनाचा. त्याने उचलला.