चंद्राक्काची पळी

चंद्राक्का माणसांशी मराठीत बोलायची आणि शेळ्यांशी कानडीत भांडायची. "मराठीत शिव्या दिल्या की शेजारणी अंगावर घेत्यात," हे त्याचं कारण! अक्कलकोटकडच्या त्या गावात मी जनावरांचा डॉक्टर म्हणून गेलो, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी नवाकोरा, शर्टाला कडक इस्त्री. तिनं मला खालून वर न्याहाळलं. "माज्या धाकट्या भावाएवडा हायेस की रं! आदी च्या पी, मग शेळीला हात लाव." तेव्हापासून ती मला अरे-तुरे करायची आणि मी तिला अहो अक्का.

तिचा सगळा जीव राणीवर. राणी म्हणजे काळीभोर उस्मानाबादी शेळी, चाल अशी की गावची पाटलीण. "सासू गेल्यापासनं घरात हिचाच हुकूम," अक्का कौतुकानं सांगायची. एका पावसाळ्यात ही गाभण राणी खंगायला लागली. पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरीफटक. जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबत होती. पोटातले जंत तिचं रक्त पीत होते, आणि जंताचं औषध तर मी वेळच्या वेळी देत होतो. माझी मतीच गुंग झाली.

"अक्का, औषध पाजता ना?"

"तर! माज्या हातानं पाजती."

"दाखवा बरं कसं."

तिनं देव्हाऱ्यातली पळी आणली. राणीच्या तोंडात एक पळी सोडली. मग दाराशी जमलेल्या आळीतल्या सगळ्या शेळ्यांना एकेक पळी, जसं काही पूजेचं तीर्थच! हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना.

"अहो, ती बाटली फक्त तुमच्या तीन शेळ्यांची होती!"

"आन बाकीच्या काय तोंडाकडं बगत बसत्याल? एकलीनं खाल्लेलं अंगी लागत न्हाई, डागदर."

मी तिला समजावलं. थोडक्या औषधानं लेचेपेचे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात. मग त्यांचीच पिलावळ वाढते आणि त्या औषधाला अजिबात जुमानत नाही. अक्का हनुवटीला हात लावून ऐकत राहिली.

"म्हंजी अर्धा मार खाल्लेलं कार्टं. लई बेरकी हुतंय ते! मारायचं तर पुरतं मारावं, न्हाईतर हात उचलू ने." हे वाक्य मी पुढं गावोगाव वापरलं.

दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन सात रस्ता चौकातल्या दुकानातून मी निराळ्या जातीचं औषध आणलं. ते वजनावर द्यायचं होतं. राणी काही काट्यावर उभी राहीना, तेव्हा अक्का तिला उचलून आडत्याच्या वजनकाट्यावर चढली. मग हिशेबासाठी एकटीनं चढायची वेळ आली. "सगळ्यांनी तोंडं फिरवा!" ती गरजली. "आन डागदर, माजं वजन गावात फुटलं तर तुजी बदलीच करून टाकीन!"

राणीला पुरतं औषध पाजलं. तोवर दारात बायका शेळ्या घेऊन हजर. आजवर त्या दारातून कुणी रिकाम्या हातानं गेलं नव्हतं. तरी अक्कानं हात जोडले. "बायांनो, आज तीर्थ न्हाई. जिची पापनी पांढरी हाय, तिलाच डागदर दिईल, आन तिला पुरतं दिईल. रागावू नगा गं." दोघीतिघी फणकारल्या. पण पापण्या पाहून झाल्या, आणि पळी देव्हाऱ्यात परत गेली.

राणीच्या पापणीत हळूहळू लाली आली. तिला दोन करडं झाली. त्यातल्या बोकडाचं नाव अक्कानं 'डागदर' ठेवलं आणि त्याला दिवसभर कानडीत शिव्या घालू लागली. माझ्या नावाचा एवढा उद्धार जन्मात कुणी केला नाही!

वजन मी कुणाला सांगितलं नाही, तरी पुढं बदली झालीच. अक्का एसटीपाशी आली, कडेवर 'डागदर'. मी म्हणालो, "येत जाईन अधूनमधून."

"अधूनमधून नगं रं," तिनं डोळ्याला पदर लावला. "आलास तर पोटभर ऱ्हायाला ये. थोडकी थोडकी दिली की मायाबी चिवट हुती."

नोकरीच्या धबडग्यात मी अधूनमधूनच गेलो, तेही अर्ध्या दिवसासाठी. अक्का जाऊन आता वर्षं लोटली. एवढं शिकूनही मी डोस चुकवला, आणि तिची माया काही केल्या जात नाही.