चाळीस नंबरचा दोरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्ही नुसतं ऐका.

संस्थान जाऊन मध्यभारत झाला, त्यानंतरची गोष्ट. धारच्या एका लहानशा दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. नोकरी कच्ची. संस्थानच्या वेळची कितीतरी माणसं एका कागदासरशी घरी बसली होती, त्यामुळे डॉक्टरसाहेबांच्या बुटांचा आवाज आला तरी मी हातातलं सोडून उभा राहायचो. भित्रा म्हणा हवं तर. होतोच मी.

उन्हाळ्यात नारूचे रोगी यायचे. नारू म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, बरंच आहे म्हणा. बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पाण्यातून पोटात जाणारा जंत. वर्षभर अंगात गुपचूप वाढतो, मग पायाला फोड येतो आणि त्यातून डोकावतो — पांढरा, दोऱ्यासारखा, हातभर लांब. तो काडीला गुंडाळायचा. रोज दोन बोटं, फार तर तीन. अडला की थांबायचं, काडी तशीच बांधून ठेवायची, उद्या पुन्हा. ओढायचा नाही. हे गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांनाही ठाऊक होतं. मला तर त्याचाच पगार मिळायचा.

गणपतमामा आमच्या गल्लीतले शिंपी. नात्याचे नव्हेत, पण दोन्ही मराठी घराणी दक्षिणेतून आलेली, म्हणून मामा. आदल्या वर्षी ते जवळच्या अमझेरा गावी लग्नाचे कपडे शिवायला महिनाभर राहिले, तिथल्या बावडीचं पाणी प्यायले. आणि यंदा, ऐन लगीनसराईत, उजव्या घोट्यापाशी नारू निघाला. त्याच पायानं ते मशीन चालवायचे.

सहा दिवस मी नीट काम केलं. सातव्या दिवशी — थांबा जरा. मनातल्या मनात सांगतानाही मी नेहमी इथेच अडतो.

सातव्या दिवशी मला देवासला मुलगी बघायला जायचं होतं. मोटार सुटायची वेळ होत आली होती. मामा बाकावर पाय पसरून बसले होते. माझी घाई बघून म्हणाले, "आराम से, भिया. मला कुठे जायचंय?" त्यांना नव्हतं जायचं. नारू अडला आणि मी — ओढला. जोरात नाही, असं किती वेळा स्वतःला सांगितलंय. पण तुटला. आतलं टोक सर्रकन मांसात गेलं. मामा खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टर पलीकडच्याच खोलीत होते. हाक मारायची, एवढंच होतं ना? मी काय केलं? कपाटातला शिवणाचा पांढरा दोरा ओला केला, काडीला गुंडाळला, टोक जखमेत खोचलं आणि काडी दिसेल अशी पट्टी बांधली. डॉक्टर फेरीला आले, काडीवर पांढरं दिसलं, पुढे गेले. मला मोटार मिळाली. देवासला मी पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली. तीच माझी बायको.

दुसऱ्या दिवशी घोटा लाल, गरम. पट्टी सोडली तसे मामा वाकले आणि काडीवरचा दोरा दोन बोटांत चोळून पाहिला — कापड पाहतात तसा. ज्याचा जन्म दोऱ्यात गेला त्याला मी दोऱ्यानं फसवायला निघालो होतो.

"हा तर चाळीस नंबरचा दोरा आहे," ते हळूच म्हणाले.

"मामा, माझी नोकरी जाईल," मी म्हणालो.

त्यांनी काडी सोडली. मी दोरा खिशात घातला, पट्टी बांधली, आणि आणखी दोन दिवस डॉक्टरांना काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मामांना तापात उचलून आणलं. घोटा मडक्यासारखा फुगला होता. डॉक्टरांनी चिरा दिला आणि मला शिकवावं तसं शांतपणे सांगितलं: नारू अखंड असतो तोवर शरीराला आपला पत्ता लागू देत नाही. तुटला की त्याच्यातलं प्रोटीन मांसात सांडतं. ते परकं आहे हे शरीर ओळखतं, चवताळतं आणि त्याच्याभोवती पेशींची भिंत बांधत सुटतं. तीच गाठ. पहिल्याच दिवशी कळतं तर साफ करता आलं असतं, आता सांधा धरणार. माझ्या हातातल्या ट्रेमध्ये चिमटे खुळखुळत होते.

मग त्यांनी मामांना विचारलं, नारू ओढला कुणी? पळून जावं असं वाटलं मला. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मीच ओढला, साहेब. लग्नाचे कपडे अटकले होते ना."

डॉक्टर त्यांना नाही नाही ते बोलले. अडाणी म्हणाले, सगळ्यांदेखत. मी तिथेच उभा होतो.

घोटा धरला तो कायमचा. हाडापाशी सुपारीएवढी गाठ राहिली. पुढे ते डाव्या पायानं मशीन चालवत, आवाज अडखळत यायचा. तो कानावर पडू नये म्हणून मी वळसा घालून घरी जायचो. आधी भीती होती, मामा बोलतील. मग वाटायला लागलं, हे कधीच बोलणार नाहीत — आणि त्याची भीती जास्त होती. माझ्या लग्नाचा कोट त्यांनीच शिवला. छातीचं माप घेताना माझी धडधड त्यांच्या बोटांना लागली असणारच. त्यांनी आकडा लिहून घेतला आणि बाही मापायला लागले.

मामा जाऊनही बरीच वर्षं झाली. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी बोलून झाल्यावर डॉक्टरांनी रोग्याचा कागद माझ्याकडे सरकवला. मी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं — रोग्याने स्वतः ओढल्यामुळे नारू तुटला. अक्षर माझं चांगलं होतं. लिहिताना हात कापला नाही.