डोक्यातला रोग

गेल्या मंगळवारी खुलताबादहून शहरातल्या क्रांती चौकाकडे येणाऱ्या जीपमध्ये एक मेंढपाळ, त्याची बायको, एक म्हातारी आणि मी असे होतो. बायकोच्या कानात आवाज येतात म्हणून तो तिला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेत होता. ती मात्र “मी उतरणार नाय” म्हणून अडून बसली होती.

म्हातारी म्हणाली, “बाहेरचं असंल, बाबा. उतारा टाक.”

घोंगडीची दशी वळत तो बोलला, “मावशी, मेंढी जागच्या जागी गरगर फिराय लागली, की आमी म्हणतो डोक्यात रोग झाला. तिला झपाटलं म्हणत नाय. मग हिलाच का?”

मला नवल वाटलं. ‘रोग’ म्हणताना त्याचा आवाज जराही खाली गेला नाही.

“म्हंजी मी मेंढी व्हय?” बायको कडाडली.

“मेंढी बरी, ऐकती तरी!”

ती खुदकन हसली. चौकात तिनंच पदराची गाठ सोडून ड्रायव्हरला दोघांचे शंभर रुपये दिले आणि नवऱ्याच्या आधी उतरली.