डबल पगाराचा जोसेफ

आम्ही साखर कारखान्याचे हॉकीवाले दोघे जरी भेटलो, तरी समोरचा चहा गार होतो. एकानं एक किस्सा काढला, की दुसरा त्यावर आणखी एक टाकतोच!

बहात्तरच्या सुमाराला चेअरमनसाहेबांनी नगरहून जोसेफला आणला. सेंटर फॉरवर्ड. नोकरी कायम, पगार आमच्या डबल, वर खुराकाला रोज दूध-अंडी! आम्ही बाकीचे हंगामी, उसाचं गाळप संपलं की पगार बंद. पहिल्या मॅचला जोसेफला कुणी पासच देईना. आमचा भिवा म्हणाला, "डबल पगार हाय ना? मग पळू दे की डबल!"

सपाटून हरलो.

*

कोच होते रिटायर्ड सुभेदार. त्यांनी गोलकीपर गणपतला झापलं, "अरे, निम्मे गोल सोडलेस!"

गणपत शांतपणे म्हणाला, "पगार बी निम्माच हाय, साहेब."

*

दुसऱ्या दिवशी जोसेफनं आपलं सगळं दूध कॅन्टीनच्या चहाच्या पातेल्यात ओतलं. "एकट्यानं पिऊन पळू कुनासंगं? प्या सगळे! अंडी मात्र माझी, बरं का!"

तेव्हापासून त्याला पास मिळायला लागले. माणूस फार गोड होता हो.

*

भिवाचं लग्न राहुरीकडच्या सुमनशी ठरत आलं होतं. पोरीला भिवा पसंत, पण तिचा बाप अडून बसला. "हंगामी जावई नको. गाळप संपलं की पोरगी म्हायेरी धाडशील!"

भिवाचं जेवणावरचं मन उडालं. आम्हालाही त्याच्याकडे बघवेना.

*

संगमनेरला फायनल. चेअरमनसाहेबांनी जाहीर केलं, "जो जिंकून देनारा गोल मारील, त्याला कायम करतो!"

कायम तर आम्हा सगळ्यांनाच व्हायचं होतं. पण जो तो चेंडू भिवालाच देत होता! आणि भिवा घाबरून प्रत्येक चेंडू बाहेर मारत होता. आमच्या गोलमधून गणपत ओरडला, "भिव्या, सासरा आठव, सासरा!"

शेवटची मिनिटं. बरोबरी. जोसेफनं समोरच्या टीमच्या गोलकीपरलाही चकवलं. समोर मोकळा गोल! आणि जोसेफ चेंडू अडवून उभा! मागून त्यांचे दोघे धावत येतायत, आणि हा ओरडतोय, "भिवा, ये की लवकर!"

भिवा धापा टाकत आला आणि त्यानं चेंडू आत ढकलला.

मॅच संपल्यावर चेअरमनसाहेबांनी जोसेफला गाठलं. "अहो, गोल मोकळा हुता. तुमी थांबला कशापायी?"

जोसेफ घाम पुसत म्हणाला, "साहेब, माझं लगीन झालंय."