गप हाय म्हंजी कबूल

"ही बघा, त्याच वस्तीतली. हिलाच विचारा."

चेअरमन साहेबांनी मला मोरीतून बाहेर बोलावलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत राखेनं भरलेले. त्या दुष्काळात बंगल्यातली भांडीसुद्धा राखेनं घासून कोरडी पुसायची. सोफ्यावर तीन पाहुणे बसलेले, औरंगाबादेहून आलेले अधिकारी. गालिच्यावर पाय पडू नये म्हणून मी दारातच थांबले.

"सांग गं. तुमची वस्ती तिथनं हलवायची हाय. तुमाला काय तरास न्हाई ना?"

'हो' म्हणावं तर वस्ती जाते. 'न्हाई' म्हणावं तर काम जातं. मी खाली बघितलं.

"बघा. गप हाय म्हंजी कबूल," साहेब हसले. "आमचा कुत्रा तरी नवं माणूस दिसलं की भुंकतो. ही तेवढं बी करत न्हाईत. लई गरीब लोकं."

पाहुणे हसले. एकानं चहा संपवला आणि उष्टा कप माझ्याकडे धरला. मी घेतला. पुन्हा मोरीत जाऊन बसले. तोच कप कितीदा घासला, कळलं नाही.

बीडमधल्या बंद पडलेल्या सहकारी जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून आमची वस्ती. माझे आईबाप नेकनूरच्या पलीकडून आलेले. तिथली विहीर आटली, जनावरं बाजारात गेली, तेव्हा बाप जिनिंगात कापसाच्या गाठी उचलायला लागला. "इथंच भिंतीला लागून झोपड्या टाका. भोंगा झाला की कामावर हजर पायजे," असं ह्याच चेअरमननं तेव्हा सांगितलेलं. आम्ही घुसलो नव्हतो. आम्हाला बसवलेलं. पुढं जिनिंग बंद पडली. बापाची छाती कापसाच्या धुळीनं भरून तो गेला. जागा नगरपालिकेकडं आली. चेअरमन मात्र चेअरमनच राहिला. जिनिंग नाही तर पतसंस्था, पतसंस्था नाही तर दूध संघ. आता तिथं दुकानांच्या गाळ्यांची इमारत आणि पुढं बगीचा होणार होता. प्यायला पाणी नाही आणि बगीचा!

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"पाण्याचा टँकर कुणाचा हाय?" तिनं विचारलं.

"त्याच्याच सोसायटीचा."

"मंग? त्याच्या पाण्यावर जगायलोत आपण. तोंड उघडू नको बाई."

नवरा ऊसतोडीला गेलेला. घरात आई, दोन लेकरं आणि मी. त्या दिवसापासून भीती माझ्या पोटात राहायला आली. गाडीचा आवाज आला की लेकरांना आत ओढायची. खडी टाकायला जेसीबी रस्त्यानं गेला तरी मी दारात येऊन उभी राहायची. बंगल्यात साहेबांची चप्पल वाजली की हातातलं ताट निसटायचं.

मग शांताताई आली. ती घाटनांदूरची, रस्त्यासाठी तिचं घर पाडलेलं. तेव्हापासून ती जिथं पाडापाडी व्हायची तिथं जायची. लिंबाखाली बायकांना बसवून ती सांगायची, पर्यायी जागा मागा, नगरपालिकेला सुनावणी घ्यायला लावा. बायका अर्ज घेऊन हेलपाटे घालत राहिल्या. शेवटी सुनावणी लागली. पण बोलायचं कुणी?

"हिनं," शांताताईनं माझ्याकडं बोट केलं.

"मी कावून? मी त्याच्या घरी काम करते ताई."

"म्हणूनच. तुझ्या गप राहण्यावर त्यानं सगळ्या वस्तीचा होकार लिहून घेतलाय. तो परत कोण घेणार? मी?"

मी तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या. लई शिव्या दिल्या.

सुनावणीच्या दुपारी नगरपालिकेचा हॉल भरलेला. खुर्च्या चेअरमनच्या माणसांना. आम्ही फरशीवर. चेअरमन साहेब पहिल्या रांगेतून उठले आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "वस्तीची काहीच हरकत न्हाई. आमच्या घरचीच बाई हाय तिथली. ऊठ गं. सांग साहेबांना."

मी उठले. अख्खा हॉल वळून बघायला लागला. कानात नुसता घूं आवाज. आणि मांड्यांवरून काहीतरी गरम खाली उतरलं. लुगडं ओलं झालं. फरशीवर पाणी दिसलं. माझंच.

कुणीतरी खुदकन हसलं. मग अख्खी पुढची रांग हसली.

"जा बाई, आधी धुऊन ये," साहेब म्हणाले.

धरणी फाटावी असं वाटलं. दाराकडं बघितलं. दार उघडं होतं. पळता आलं असतं. पण मागं आई बसलेली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून तोंड झाकलेलं. माझ्यामुळं माझ्या आईला तोंड झाकावं लागलं. तिथं माझ्या आत काहीतरी फाटलं.

"मी भ्यालेय साहेब," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला. "सगळ्यांनी बघितलं, मी किती भ्यालेय. पर आमाला कबूल न्हाई. मी हो म्हणले नव्हते. मला कुणी बोलूच दिलं न्हाई. लिहा. कबूल न्हाई."

"काय बोलायलीस तू? कळायलंय का?" साहेब ओरडले.

"लिहा," मी अधिकाऱ्यांना म्हणाले. मागून शांताताई उठली. मग बायका उठल्या. आई सगळ्यात शेवटी उठली, पण उठली.

दुसऱ्या दिवसापासून बंगल्याचं फाटक मला बंद. त्याचं काही नव्हतं. पण टँकर यायचा बंद झाला. ज्या बायका माझ्या मागं उठल्या होत्या, त्याच दारात येऊन म्हणाल्या, "तुझ्या एका न्हाईनं लेकरांचं पाणी गेलं." त्या रात्री भूक लागली नाही, झोप लागली नाही. सकाळी शांताताई म्हणाली, "रडून टँकर येत न्हाई. कलेक्टर कचेरीसमोर बसू." बसलो. उन्हात लेकरं घेऊन. पोलिसांनी दोनदा उठवलं, दोनदा परत बसलो. शेवटी सरकारी टँकर सुरू झाला.

घरं वाचली असं मी म्हणणार नाही. पुढच्या ओळीतली पाडलीच. ती माणसं नातेवाइकांकडं, पुलाखाली, कुठं कुठं गेली. मागची ओळ अजून उभी आहे. बायपासजवळची जागा देतो म्हणतात. आम्ही जाऊन बघितली. नुसतं माळरान. ना वीज, ना नळ. आम्ही तिथं जायला नकार दिला.

आता शांताताई थकली. तिच्याऐवजी मी फिरते. परवा अंबाजोगाईच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत गेलते. परत येताना फोन आला. नाव सांगितलं नाही. "लई उड्या मारायलीस. घरात लेकरं हायती तुझ्या, ध्यानात ठेव." घरी आले, कडी लावली, दोन्ही लेकरांना जवळ घेऊन बसले.

उद्या त्या वस्तीत पाडायच्या घरांची मोजणी करणारे येणार आहेत. मी पहिल्या घराच्या उंबऱ्यावर बसणार. आधी नव्या जागेवरचं जोतं दाखवा, नळ दाखवा, दार दाखवा. मग पत्र्याला हात लावा. तोवर मी उठणार नाही. उचलून न्यावं लागेल.