डोक्याकडची फळी

जुना पलंग खोलण्याआधी प्रत्येक फळीच्या मागे पेन्सिलीने खूण करा. नवशिके नेमकं हेच विसरतात. खोललेल्या फळ्या भिंतीला टेकवल्या की सगळ्या सारख्याच दिसतात. मी ‘डो’, ‘पा’, ‘डा’, ‘उ’ असं लिहिलं होतं. डोक्याकडची, पायांकडची, डावी, उजवी.

पलंग आमचाच. नवरा शेवटचे काही महिने त्यावर पडून होता आणि एका दुपारी, आमची जेवणं झाल्यावर, त्यावरच गेला. तेराव्याला नातेवाईक म्हणाले, पलंग कुणाला तरी देऊन टाक. पण मुलुंडमध्ये आमच्या ओळखीत कुणाच्याच घरात तो मावत नव्हता, आणि लाकूड जुनं सागवान होतं. मी पाना आणि पेचकस घेतला आणि सकाळभरात तो खोलला. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. एक बोल्ट गंजला होता, त्यावर तेल सोडलं.

सुतारकामाचा हा छंद मला त्याआधीपासून होता. सुरुवात मी प्लायवूडने केली आणि तुम्हीही तेच करा. प्लायच्या दुकानात माप सांगितलं की ते मशीनवर सरळ कापून देतात. नवशिक्याच्या हातून तेवढी सरळ कड निघत नाही. हत्यारं थोडी घ्या. एक करवत, एक छोटा रंधा, पटाशी, काटकोन तपासायला गुण्या, आणि गोंद सुकेपर्यंत फळ्या आवळून धरणारे दोन शिकंजे. शिकंजे लोक घेत नाहीत, मग सांधे उघडे पडतात आणि दोष गोंदाला देतात. नवं लाकूड विकत घेताना फळी डोळ्यासमोर धरून तिच्या लांबीकडे बघा, वाकडी असेल तर कळते. गाठ असलेली घेऊ नका. जुनं लाकूड कुर्ल्याला मिळतं, पण करवत लावण्याआधी त्यावर लोहचुंबक फिरवा. आत तुटका खिळा असला तर करवतीचे दात जातात.

माझा कारखाना घराच्या गॅलरीत होता. एकदा खालच्या मजल्यावरची बाई वर आली.

“काय गं, माझ्या डोक्यावर मिल चालू केलीस काय?”

“दुपारी बंद ठेवीन.”

“ठेव बाई. आणि जमलंच तर मला एक पाट करून दे ना. बाजारातले हलतात.”

मी पाट करून दिला. तक्रार पुन्हा आली नाही.

घरात आता मी आणि सासूबाई. नवऱ्याच्या आजारपणातच त्यांचे गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली होती. त्यामुळे विळी सुटली. त्या मालवणच्या, मासे सुरीने कापणं त्यांना पटत नाही, आणि बाजारातून कापून आणलेले मासे त्या खात नाहीत. मुलगा असताना त्याच्यासाठी तरी ओट्यापाशी उभ्या राहायच्या, सूचना द्यायच्या. तो गेल्यावर स्वयंपाकघरात येणंच बंद केलं. खिडकीपाशी खुर्चीत बसायच्या. सकाळी पेज, रात्री पेज. अंगावरची पोलकी सैल झाली होती. लोक मला विचारायचे, सावरलीस ना? मी म्हणायचे, हो. सासूबाईंबद्दल कुणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या अशाच खिडकीत संपणार का, एवढाच प्रश्न होता, आणि त्यावर मला एकच उपाय सुचत होता. त्यांना जमिनीवर न बसवता विळीसमोर बसवायचं.

म्हणून दोन वस्तू ठरवल्या. प्लायचं एक बैठं टेबल, ज्यावर विळी बोल्टने पक्की बसेल आणि धुवायला काढता येईल. आणि त्यासमोर एक भक्कम स्टूल.

स्टूल करताना माप फर्निचरचं घेऊ नका, माणसाचं घ्या. सासूबाई ज्या खुर्चीतून हात न टेकता उठतात, तिची उंची मी मोजली. पाय पलंगाच्या बाजूच्या पट्ट्यांतून काढले. बैठकीला फळी निवडली ती सगळ्यांत स्वच्छ, एकही गाठ नसलेली. रंधा मारल्यावर आतून मधासारखा रंग आला. चारही पाय बसवल्यावर स्टूल हलत होतं. अशा वेळी एकेक पाय कापत सुटू नका, शेवटी पाट होतो. सपाट लादीवर ठेवा, कुठला पाय अधांतरी राहतो ते बघा, त्याच्याखाली पुठ्ठा सारा, मग तेवढंच बाकीच्या तिघांचं घासा. काचकागद मारला, जवसाचं तेल दिलं आणि विळीसमोर नेऊन ठेवलं.

सासूबाई काठी टेकत आल्या. विळी हलवून पाहिली. हलली नाही. मग स्टूल उचलून उलटं केलं, जसं त्या बाजारात प्रत्येक भांडं उलटं करून बघतात.

“ह्या काय लिवलला हा?”

“डो. डोक्याकडची फळी. खोलताना खूण केली होती.”

“कोणाच्या डोक्याकडची?”

“पलंगाची, आई.”

त्यांनी स्टूल खाली ठेवलं.

“झिलाच्या डोक्यार बूड टेकू मी?”

“अहो, मुलाचं डोकं कुठलं, फळी आहे ती. सगळ्यात चांगली म्हणून घेतली.”

“चांगली आसा तां माका दिसता.”

आणि खिडकीकडे परत गेल्या. लाकडाचा पोत, गाठ, चीर, ओल, सगळं मी बघितलं होतं. उशी कुठल्या बाजूला होती हे मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं आणि त्याचा विचार केला नव्हता. वाईट वाटायला हवं होतं. मी पेचकस शोधला. बैठक स्क्रूने बसवली होती, गोंदाने नाही, एवढं बरं. हाही सल्ला समजा.

संध्याकाळी त्याच बोलल्या. “पायांकडची खय आसा?”

“आहे. पण तिला मध्येच गाठ आहे.”

“आसूंदे. पायांकडे मी बसलेलंय सगळा आजारपण.”

हे खरं होतं. त्या पलंगाच्या पायथ्याशीच बसायच्या, त्याचे पाय चेपत.

“आणि हिचं काय करू?”

“वर लाव. पण माजो हात पोचाक व्हयो.”

दुसऱ्या दिवशी मी ‘पा’ची फळी कापली. गाठीवर रंधा अडकतो, लाकूड उपटून येतं. तिथे पटाशी आडवी धरून थोडं थोडं तासावं लागतं. तरी थोडा उंचवटा राहिला. ‘डो’ची फळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावली, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, हात पोचेल अशी. तिच्यावर मी मिठाची बरणी ठेवायला गेले, तर त्यांनी ती उचलून ओट्यावर ठेवली. फळीवर काही नाही.

मग मी बांगडे आणले, अख्खे. सासूबाई स्टुलावर बसल्या, जरा सरकल्या, पुन्हा सरकल्या.

“गाठ टोचते का? अजून तासते.”

“नको. टोचांदे.”

त्यांनी पहिला बांगडा विळीला लावला, डोकं वेगळं केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पाणी दी. आणि चिंच भिजत घाल.”

मी चिंच भिजत घातली.