महाराजांनी दात दाखवायचे नाहीत

पाच-सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्या, परक्या देशातल्या, आपला काडीचाही संबंध नसलेल्या राजाची अब्रू वाचवायला स्वतःचं गॅरेज, बायकोचे पडदे आणि मेहुणीचे सगळे वीकेंड पणाला लावणारा माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीने नवरा म्हणून पसंत केला. भावोजी मूळचे वसईचे, आता सिडनीतल्या क्वेकर्स हिलचे. पुलांचे इंजिनियर. दिवसभर पूल तपासतात आणि घरी आले की इतिहास तपासतात. सगळं जग ज्याला सिनेमांतला रक्त पिणारा, काळ्या झग्याचा, सुळेवाला सरदार म्हणून ओळखतं, त्याच्यामागे एक खराखुरा राजा होता, आजच्या रोमेनियात कुठेतरी, तुर्कांशी लढलेला. भावोजी त्याला 'महाराज' म्हणतात. एकेरीत कुणी बोललं तर चहाचा कप खाली ठेवतात आणि समोरच्याने चूक सुधारेपर्यंत उचलत नाहीत.

हॅलोविनला आमच्याकडे गल्लीतली पोरं चॉकलेटं मागत दारोदार हिंडतात. त्यातलं एखादं प्लॅस्टिकचे सुळे लावून ताईच्या दारात आलं की संपलंच. भावोजी त्याला पायरीवर बसवतात, पाणी विचारतात आणि महाराजांची बाजू समजावून सांगतात. महाराजांचं राज्य वालाकिया कुठे आहे, तुर्कांचा सुलतान किती फौज घेऊन आला, शत्रूंनी छापखान्यातून पत्रकं काढून कसल्या कसल्या अफवा उठवल्या, सगळं. चॉकलेट शेवटी. एकदा शेजारच्या ग्रेगचा मुलगा निम्म्यातच उठून निघाला, तर हे त्याच्यामागे फाटकापर्यंत बोलत गेले. आता पोरं ताईचं घर सोडून पुढे जातात आणि बादलीभर चॉकलेटं आम्हालाच खावी लागतात.

मी एकदा विचारलं होतं, "पण भावोजी, लोकांना सुळावर तर चढवलंच ना त्याने?"

"त्यांनी," भावोजी म्हणाले.

"बरं, त्यांनी. चढवलं ना?"

"चढवलं. मी कुठे नाही म्हणतो? पण रक्त प्यायले का? जे केलं ते बोला, जे नाही केलं ते बोलू नका."

तर अशा या माणसाने गेल्या वर्षी जाहीर केलं की महाराजांवर सिनेमा काढायचा. मराठीत. फोनवर शूट करून. आम्ही हसलो खरे, पण खरं कारण ताईने मला स्वयंपाकघरात सांगितलं तेव्हा माझं हसू मावळलं. भावोजींचे वडील, आमचे पप्पा, मलेरिया खात्यात होते. वसईच्या वाड्यांमधून घरोघर जायचं, ताप आलेल्यांच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, हे त्यांचं काम. गावातल्या बायकांना आयता बागुलबुवा मिळाला. जेव, नाहीतर रक्तवाला येईल. झोप, नाहीतर रक्तवाला नेईल. पप्पा वाडीत शिरले की पोरं केळीच्या बागेत पसार. शाळेत भावोजींना 'रक्तवाल्याचा पोर' म्हणायचे आणि भावोजी रोज कुणाचा तरी शर्ट फाडून घरी यायचे. पप्पांना यातलं कधी काही सांगितलं नाही. आता पप्पा सिडनीला आले होते, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की या खेपेनंतर पुन्हा इतका लांबचा विमानप्रवास नको. परत जाण्याआधी त्यांनी हा सिनेमा बघावा, एवढंच भावोजींना हवं होतं. हे कळल्यावर मला नाही कसं म्हणता येणार? माझे वीकेंड गेले ते असे.

आणि काय धमाल वीकेंड होते ते! महाराजांच्या भूमिकेसाठी भावोजींनी आमच्या ओळखीचा एक डेंटिस्ट निवडला. उंच, नाक धारदार, मिशा स्वतःच्या. अडचण एकच. हा गृहस्थ अत्यंत हसरा, आणि धंद्यातलाच असल्यामुळे दात असे की बघत राहावं. भावोजींनी पहिल्याच दिवशी नियम केला, महाराजांनी दात दाखवायचे नाहीत. एक जरी सुळा दिसला तरी सगळी मेहनत पाण्यात. बिचारा विजयानंतरही ओठ मिटून उभा राहायचा, पोट दुखत असल्यासारखा. दुसरा नियम, सेटवर लाल रंगाचं काहीही खायचं-प्यायचं नाही. दुपारच्या सॉसेज सिझलला, म्हणजे पाव-सॉसेजच्या जेवणाला, टोमॅटो सॉस नाही म्हटल्यावर तुर्की सैन्यातले दोन ऑसी मित्र संपावर जाणार होते. बर्गरमधलं बीट काढलं. नाताळात ताईने डुकराचं लालभडक सोरपोतेल केलं नाही, ही तर आमच्या घराण्यातली अभूतपूर्व घटना.

लोकांना सुळावर चढवल्याचं काय करायचं यावर मोठी चर्चा झाली. भाचीचं मत होतं की ते दाखवूच नये. "डॅड, दॅट्स लिटरली अ वॉर क्राइम," ती म्हणाली. भावोजी म्हणाले, लपवायचं नाही, नाहीतर आपल्यात आणि त्या छापखानेवाल्यांत फरक काय? मग परसात टोमॅटोच्या वेलींचे खांब होते, त्यांच्यामध्ये मला पालथं झोपवून खालून फोन धरायला लावला. अंगावर मुंग्या चढल्या, पण शॉट खरंच भयंकर आला. महाराजांच्या राज्यात कारंज्याजवळ सोन्याचा पेला ठेवलेला असायचा आणि तो चोरायची कुणाची हिंमत नव्हती, अशी एक कथा आहे. तो पेला म्हणजे भाच्याची क्रिकेटची ट्रॉफी, नाव कोरलेली बाजू भिंतीकडे.

पण सगळ्यात बहार आली लढाईच्या प्रसंगाला. राणी झाली होती आमची पुण्याची मैत्रीण, शाळेपासून ऐतिहासिक नाटकांत मुरलेली. महाराज निघाले तशी ही बया ताट घेऊन पुढे आली आणि तिने त्यांना चक्क ओवाळलं. तिच्यामागे दरबारातले सगळे जण, कुणी न सांगता, कमरेत वाकून मुजरा करत उलट्या पावली मागे सरकले. एक जण बार्बेक्यूवर आदळला. मी म्हटलं, अहो, ख्रिस्ती राजा, युरोपातला, त्याला ओवाळतात का कुठे? भावोजी डोळे पुसत होते. म्हणाले, "राहू दे. नवऱ्याला मरायला पाठवताना कुठलीही बाई काहीतरी करत असेलच ना." तो प्रसंग तसाच ठेवला.

पप्पा रोज गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. मध्येच कुणी खोकलं की त्याच्याकडे निरखून बघायचे आणि दुपारी चहा आला का एवढंच विचारायचे.

एडिटिंग संपता संपेना. पप्पांचं विमान जवळ येत चाललं तशी भावोजींची झोप उडाली. शेवटी निघायच्या आदल्या शनिवारी, आर्वोला, म्हणजे दुपारी, कम्युनिटी हॉलमध्ये शो लागला. हॅरिस पार्कच्या देशी दुकानांतून ढोकळे-समोसे आले, तुर्की सैन्य बायकापोरांसकट हजर. पहिल्या रांगेत मधोमध पप्पा, इस्त्रीचा शर्ट घालून. काय सांगू, पडद्यावर टोमॅटोचे खांब आले आणि मागून कुणीतरी खरंच दचकलं. ओवाळताना शिट्ट्या पडल्या. ग्रेगला एक शब्द कळत नव्हता, तरी महाराज धारातीर्थी पडले तेव्हा तो नाक ओढत होता. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होते, हात दुखेपर्यंत.

भावोजी मात्र पप्पांसमोर उकिडवे बसले होते. "कसा वाटला?"

"राजा बरा आहे," पप्पा म्हणाले. "हसत नाही फार."

"पप्पा, त्यांच्याबद्दल लोकांनी खोटंनाटं पसरवलं. पोरांना घाबरवायला त्यांचं नाव वापरलं." भावोजी आणखी पुढे सरकले. "तुमचंही तसंच केलं होतं गावाने. मला ते कधीच सहन झालं नाही."

पप्पा हसायलाच लागले. "रक्तवाला म्हणायचे, ते होय? अरे, मला माहीत होतं की. पोरं मला बघून पळाली की मला बरं वाटायचं. पळतंय म्हणजे अंगात ताप नाही. जे पोर पळायचं नाही, ओट्यावर तसंच बसून राहायचं, त्याच्याकडे मी आधी जायचो."

 भावोजींनी विचारलं, "आणि मी? मी पळायचो?"

"तू कसला पळतोस? तुला काही झालेलं नसायचं, तरी बोट पुढे करून उभा राहायचास. टोचा म्हणायचास."

भावोजींनी पप्पांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.  पप्पा त्यांच्या केसांतून हात फिरवत होते आणि कपाळाशी आल्यावर त्यांचा तळवा थोडा थांबत होता, ताप बघतात तसा.